डोमेन आणि होस्टिंग: दोन्ही एकच समजू नका, आणि शक्यतो एकाच कंपनीकडून घेऊ नका

स्वतःची वेबसाइट करायची म्हटलं की बहुतेक जण आधी नाव शोधतात, नाव मिळालं की लगेच पैसे भरून मोकळे होतात आणि मग विचारतात की डोमेन तर घेतलंय, साइट का दिसत नाही? याच्या उलटंही होतं. होस्टिंगच्या पॅकेजमध्ये डोमेन फ्री मिळालेलं असतं, पुढे कधीतरी होस्टिंग बदलावंसं वाटतं आणि तेव्हा कळतं की नावही त्याच कंपनीच्या अकाउंटमध्ये आहे, रिन्यू करायचं तर त्यांच्याच भावाने. दोन्हीचं मूळ एकच: एकाच बिलावर आल्या म्हणून दोन वेगळ्या गोष्टी एकच वाटतात.

डोमेन म्हणजे फक्त नाव. तेही कायमचं विकत मिळत नाही, ठराविक मुदतीसाठी नोंदवलं जातं, डॉट कॉम असेल तर कमीत कमी १ वर्ष आणि एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. सगळ्या डॉट कॉम नावांचं रजिस्टर व्हेरिसाइन सांभाळते, पण आपण थेट तिच्याकडे जात नाही, मध्ये रजिस्ट्रार असतो, म्हणजे जिथे आपण अकाउंट उघडून नाव घेतो ती कंपनी. होस्टिंग म्हणजे सतत चालू असलेला दुसऱ्याचा कॉम्प्युटर, ज्यावर तुमच्या फाइल्स, फोटो आणि असला तर डेटाबेस असतो. मोबाइल नंबर आणि हँडसेट जसे वेगळे, तसंच हे. हँडसेट बदलला तरी नंबर तोच राहतो, आणि ज्यांना तुम्हाला गाठायचंय त्यांना नंबरशीच मतलब असतो.

आता या दोघांना जोडतं ते डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा, आणि सगळा गोंधळ खरं तर इथेच आहे. समजा कोणी ब्राउझरमध्ये एक्झाम्पल डॉट कॉम टाकलं (हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे म्हणून तेच घेतो). ब्राउझर रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला विचारतो, रिझॉल्व्हर रूट सर्व्हरला, रूट म्हणतो डॉट कॉमवाल्यांना विचार, डॉट कॉमवाले म्हणतात या नावाचे नेमसर्व्हर, म्हणजे त्याचे रेकॉर्ड ठेवणारे सर्व्हर, अमुक आहेत त्यांना विचार, आणि नेमसर्व्हर शेवटी ए रेकॉर्ड काढून देतो, म्हणजे २०३.०.११३.१० असा एखादा आयपी, कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा नंबर. मग ब्राउझर त्या आयपीच्या कॉम्प्युटरकडे जातो आणि म्हणतो, एक्झाम्पल डॉट कॉमचं पान दे. म्हणजे बघा, रजिस्ट्रारचं काम नेमसर्व्हर कुठले ते सांगण्यापुरतं, होस्टिंगचं काम पान देण्यापुरतं आणि मधला पत्ता नेमसर्व्हरवर. डोमेन घेतलं पण ए रेकॉर्ड कुठेच दाखवलेला नसेल तर साइट कुठून दिसणार?

इथे दोन रस्ते असतात. एक, रजिस्ट्रारकडे जाऊन नेमसर्व्हरच बदलायचे आणि होस्टिंगवाल्याचे टाकायचे. दोन, नेमसर्व्हर आहेत तिथेच ठेवून फक्त ए रेकॉर्ड बदलायचा. होस्टिंगच्या हेल्प पेजवर बऱ्याचदा पहिला रस्ता असतो कारण त्यांना तो सोपा पडतो, पण मी दुसराच सांगेन. नेमसर्व्हर बदलले की त्या डोमेनचे सगळेच रेकॉर्ड नवीन ठिकाणाहून वाचले जातात, आणि तिथे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरवर पाठवायची ते सांगणारा) कॉपी केला नसेल तर साइट मस्त चालू आणि ईमेल बंद, असं होतं, आणि मेल येत नाही हे कळायलाच वेळ जातो कारण न आलेली मेल दिसत नाही ना. शिवाय वेळेचा फरक आहे. डॉट कॉमच्या सर्व्हरवरची नेमसर्व्हरची माहिती १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास लक्षात ठेवायची असते, "४८ तास थांबा" हे जे सगळीकडे सांगतात ते इथून येतं. ए रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे तो किती सेकंद लक्षात ठेवायचा, हे मात्र तुम्ही स्वतः ठरवता, ३०० ठेवला तर पाचेक मिनिटांत बदल दिसायला लागतो.

मुदत संपली की काय होतं यात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. होस्टिंग संपलं तर साइट बंद पडते, पण बॅकअप तुमच्याकडे असेल तर दुसऱ्या होस्टिंगवर टाका, ए रेकॉर्ड बदला, झालं. डोमेन संपलं तर प्रकरण वेगळं. डॉट कॉमसारख्या नावांना आधी ग्रेस पिरियड असतो, तो रजिस्ट्रारप्रमाणे बदलतो, जास्तीत जास्त ४५ दिवस, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन पिरियड ज्यात नाव परत मिळतं पण दंड भरून, मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि नंतर नाव मोकळं, कोणीही घ्यावं. (काही रजिस्ट्रार ग्रेसमध्येच नाव लिलावात काढतात, त्यामुळे या दिवसांच्या भरवशावर राहू नका.) आणि ज्याने घेतलं त्याला त्या नावावर येणाऱ्या मेलसुद्धा घेता येतात. तुमची बाकीची अकाउंट्स त्या ईमेलवर असतील तर पासवर्ड रीसेटची लिंकही त्याच्याकडे जाणार. म्हणून ऑटो-रिन्यू चालू ठेवाच, आणि रजिस्ट्रारच्या अकाउंटला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको, दुसरा द्या, नाहीतर डोमेन बंद पडलं की रिन्यू करा सांगणारी मेलसुद्धा तुम्हाला मिळणार नाही.

त्यामुळे डोमेन कुठून घ्यायचं ते ठरवताना पहिल्या वर्षाचा भाव बघूच नका, रिन्यूअलचा बघा. लॉगिनला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री) आहे का, डीएनएसचे रेकॉर्ड स्वतः बदलता येतात का, ट्रान्सफर कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना लागणारा) अकाउंटमधूनच काढता येतो का की सपोर्टला विनवण्या कराव्या लागतात, हे आधी तपासा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साइट कोणीही बनवून देऊ दे, अगदी जवळचा मित्र असला तरी, डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या अकाउंटमध्ये पाहिजे. यावर तडजोड नको.

होस्टिंगमध्ये एवढं टेन्शन घेऊ नका कारण ते बदलता येतं. साधी साइट असेल, चार पानं, थोडं लिखाण, फोटो, तर ह्यूगो किंवा इलेव्हंटीसारखं टूल घेऊन स्टॅटिक साइट, म्हणजे डेटाबेस नसलेली, नुसत्या तयार फाइल्सची साइट करा आणि गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस यांपैकी कुठेही फ्रीमध्ये ठेवा. गिटहब पेजेसवर साइट १ जीबीपर्यंत चालते, पर्सनल साइटला तेवढं भरपूर झालं. ब्राउझरमधूनच लिहायचं असेल, प्लगइन पाहिजेत, कमेंट पाहिजेत तर वर्डप्रेस, आणि मग पीएचपी (ज्या भाषेत वर्डप्रेस चालतं ती) आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस असलेलं होस्टिंग लागणार. एसएसएलसाठी (पत्त्यात https येऊन साइट सुरक्षित उघडते ते सर्टिफिकेट) वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका, लेट्स एन्क्रिप्ट सर्टिफिकेट फुकट देतं आणि ते आपोआप रिन्यू होतं. विक्ससारख्या बिल्डरमध्ये मात्र बनवायचं टूल आणि होस्टिंग एकमेकांना चिकटलेलं असतं, तिथली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येत नाही, पुन्हा बनवावी लागते. पटकन पाहिजे असेल तर वापरा की, पण डोमेन बाहेर घ्या.

फ्री होस्टिंगवर तुमचं नाव पुढे आणि मागे गिटहब डॉट आयओ असा पत्ता मिळतो, तो सबडोमेन आहे, मालकी गिटहबची. तिथून निघालात की तो पत्ता सोबत येत नाही आणि इतरांनी दिलेल्या तुमच्या लिंक तुटतात. सुरुवातीला शिकायला ठीक, पण साइट टिकवायची असेल तर स्वतःचं नाव जोडा, होस्टिंग फ्रीचंच राहू दे, चालतं.

होस्टिंग बदलायची वेळ आली तर क्रम असा ठेवा. जुनी साइट चालू असतानाच नवीन जागी सगळं टाका. टीटीएल ३०० करून जुना टीटीएल जेवढा होता तेवढा वेळ जाऊ द्या. बदल करायच्या आधी नवीन सर्व्हर तपासायचा असेल तर कॉम्प्युटरमधल्या होस्ट्स फाइलमध्ये नवीन आयपी आणि तुमचं नाव एका ओळीत लिहा, मग फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर नवीन साइट उघडेल आणि बाकी जगाला जुनीच दिसेल. ही फाइल डीएनएसच्याही आधीची पद्धत आहे, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडलं त्यापूर्वी नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं अशाच एका फाइलमध्ये असायची आणि ती सगळे जण कॉपी करून घ्यायचे. तपासून झालं की ती ओळ आठवणीने काढा, मग ए रेकॉर्ड बदला आणि जुनं होस्टिंग निदान आठवडाभर तरी चालू ठेवा. डोमेनही दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर ते त्याच दिवशी करू नका, आधी साइट स्थिर होऊ द्या. आणि नेमसर्व्हर जुन्याच रजिस्ट्रारचे असतील तर सगळे रेकॉर्ड आधी उतरवून घ्या, कारण डोमेन हललं की ते नेमसर्व्हर बंद होऊ शकतात.