खिशात किती, घरात किती

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांची रोकड फिरत होती. मार्च २०२५ अखेर हा आकडा ३६ लाख कोटींच्या पुढे गेला. म्हणजे दुप्पट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यूपीआयवरून एकाच महिन्यात २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. पाकीट घरी विसरलं तरी दिवस निभतो, असं अनेकजण सांगतात, आणि तरीही नोटा वाढतच आहेत. हे कोडं सोडवायचं तर खिशातली रोकड आणि घरातली रोकड वेगवेगळी पाहावी लागते.

खिशात किती पैसे असावेत, हे माणूस स्वतःच्या मर्जीनं फारसं ठरवत नाही, असं मला वाटतं. आपला पैसा आणि आपण यांच्यात किती अंतर आहे, त्यावर ते ठरतं.

खिसा नव्हता तेव्हा कनवट होती. पुरुषाच्या धोतराची कनवट, बाईच्या पदराची गाठ. तिथं बाजारापुरता खुर्दा मावायचा: शिवराई, पैसा, ढब्बू पैसा. मोठी रक्कम अंगावर बाळगणं शक्यच नव्हतं, कारण पैसा अक्षरशः जड होता. १८३५ पासून कंपनी सरकारचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. हजार रुपये न्यायचे तर साडेअकरा किलोहून जास्त ओझं, वर वाटेत लुटारूंची भीती. म्हणून व्यापाऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून हुंडी वापरली. पुण्याच्या सावकाराकडे पैसे भरायचे, कागद घ्यायचा आणि दुसऱ्या गावी त्याच्या आडत्याकडून रक्कम उचलायची. दाखवताच पैसे मिळाले तर दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे फक्त बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत, त्यामुळे कागद चोरून चोराचा फायदा होत नसे. ‘रोकडीशिवाय व्यवहार’ ही कल्पना आपल्याला नवी नव्हती. नवीन काही असेल तर ती भाजीवालीपर्यंत पोहोचली, हे.

१८६१ च्या कायद्यानं नोट छापण्याचा हक्क सरकारकडे आला. पण सुरुवातीला मुंबई विभागाची नोट मुंबई विभागातच कायदेशीर चलन होती. सगळ्या देशात चालणारी नोट यायला विसावं शतक उजाडावं लागलं. १०० रुपयांच्या नोटेला तो दर्जा १९११ मध्ये मिळाला. टपालानं नोट पाठवायची तर लोक ती मधोमध कापत. अर्धी आधी पाठवायची आणि पोच आली की उरलेली अर्धी. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट निघाली. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवण्यासाठी १९४३ पासून भोकाचा पैसा आला. बायका तो दोऱ्यात ओवून ठेवत.

मुंबईच्या गिरणगावात या अंतराला वेगळंच रूप आलं. कमावणारा परळला आणि घर रत्नागिरी, सिंधुदुर्ग नाहीतर साताऱ्याला. पगार हातात रोख मिळे, आणि ती केवळ मालकाची सोय नव्हती: १९३६ च्या वेतन कायद्यातच मजुरी नाण्यांत किंवा नोटांत द्यावी असं कलम होतं. दुकानाचा माल किंवा चिठ्ठी मजुराच्या माथी मारली जाऊ नये म्हणून. कामगाराच्या लेखी संमतीनं चेकची मुभा सत्तरच्या दशकात मिळाली, संमतीविना बँकेत पगार जमा करण्याची २०१६ च्या अखेरीस. त्या रोख पगारातून खाणावळीचे पैसे द्यायचे, उधारी फेडायची आणि उरलेल्याची मनीऑर्डर. १८८० मध्ये टपाल खात्यानं सुरू केलेली ही सेवा जुन्या रूपात २०१५ मध्ये बंद झाली. कोकणातल्या कितीतरी घरांत महिन्याची पहिली नोट पोस्टमनच्याच हातून येत असे. ती आली की डब्यात जायची, आणि पुढच्या मनीऑर्डरीपर्यंत तो डबा म्हणजेच बँक.

१९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शाखा गावोगावी पोहोचल्या. तरी काउंटरच्या वेळा ठरलेल्या. पितळी टोकन हातात घेऊन बाकड्यावर बसायचं. असा खटाटोप दर आठवड्याला कोण करणार? म्हणून एकदाच महिन्याभराचे पैसे काढून आणायचे. १९८७ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत, निदान शहरांत, पाकिटातली रक्कम महिन्यावरून आठवड्यावर आली.

नोटा रद्द करण्याचा प्रकार आधीही दोनदा झाला होता, १९४६ मध्ये आणि १६ जानेवारी १९७८ ला. पण १९७८ मध्ये बाद झालेल्या नोटा १०००, ५००० आणि १०,००० रुपयांच्या होत्या. सामान्य माणसानं त्या पाहिल्याही नव्हत्या. २०१६ मध्ये गेली ती चलनाच्या किमतीतली ८६ टक्के रोकड. तिच्यात डाळी-तांदळाच्या डब्यातले, साडीच्या घडीतले पैसेही होते. कुणाला न सांगता वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी बायकांना घरच्यांसमोर ठेवावी लागली. रांगांची चर्चा खूप झाली, या गोष्टीची फारच कमी.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला वेगळा फटका बसला. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई झाली. शेतकऱ्याच्या लेखी बँक म्हणजे जिल्हा बँक आणि गावची सोसायटी. खरिपाचा माल विकायचा आणि रब्बीची पेरणी करायची, नेमक्या त्याच दिवसांत ती दारं बंद झाली.

नोटाबंदीतून यूपीआय जन्मलं, असा समज आहे. प्रत्यक्षात ते त्याआधी, ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत जाहीर झालं होतं. नोटाबंदीनंतरचा पहिला भर होता कार्ड घासण्याच्या मशीनवर. १ डिसेंबर २०१६ ला मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झालं, तेही मशीनच्या भरवशावर. पण मशीन घ्यायचं तर खर्च, प्रत्येक व्यवहारावर कमिशन, वर फोनलाइन हवी. दहा रुपयांच्या कोथिंबिरीत हे कसं बसणार? क्यूआर कोड मात्र छापील कागद. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद झालं. मग पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा साउंडबॉक्स आला आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहायची गरज संपली. सुट्ट्यांचा जुना तंटाही बऱ्याच अंशी मिटला. दुकानदार मोड नाही म्हणून चॉकलेट हातावर ठेवायचा, एसटीचा कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून द्यायचा, आणि उतरताना ती मागायची राहून जायची. आता सतरा रुपये म्हणजे सतरा रुपये.

खिसा असा रिकामा झाला. डबा मात्र झाला नाही. करोनाच्या वर्षात लोकांनी नोटेला हात लावायचं टाळलं, पण त्याच वर्षी रोकडीचं जीडीपीशी, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाशी, प्रमाण १४ टक्क्यांच्या वर गेलं, कारण दवाखान्याची वेळ कधी येईल सांगता येत नव्हतं. ते पुढे ११ टक्क्यांच्या आसपास उतरलं. मार्च २०२४ मध्ये चलनाच्या किमतीत एकट्या ५०० च्या नोटेचा वाटा ८६ टक्क्यांहून जास्त होता. उलट, दुकानांत होणारे बहुसंख्य यूपीआय व्यवहार ५०० रुपयांच्या आतले असतात. रोजचा खर्च मोबाइलनं उचलला. जपून ठेवणं, जमीन-सोन्याचे व्यवहार आणि हिशेबाबाहेरचा पैसाही नोटेकडेच राहिला.

या मधल्या जागेत अडकतात ते छोट्या नोटांवर जगणारे. नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, बाजाराच्या दिवशी आठवड्याची मजुरी घेणारी शेतमजूर बाई, साधा फोन वापरणारे आजी-आजोबा. शंभराच्या, पन्नासाच्या नोटेवर त्यांचा दिवस चालतो, आणि एटीएममधून बरीच वर्षं निघत होत्या बहुतेक पाचशेच्याच. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास कोलमडलं, तेव्हा शहरातल्या नोकरदारालाही हीच अडचण चाखावी लागली. रोकड जवळपास हद्दपार केलेल्या स्वीडननं तर २०२४ मध्ये घरोघरी पाठवलेल्या पुस्तिकेत संकटकाळासाठी किमान आठवडाभर पुरेल एवढी रोकड, वेगवेगळ्या किमतीच्या नोटांत, जवळ ठेवायला सांगितलं.

२८ एप्रिल २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना मुदत घालून दिली: ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधून निदान एका कप्प्यातून १०० किंवा २०० च्या नोटा निघाल्या पाहिजेत.