विकास साहाय्य समन्वय

विकसनशील देशात जागतिक बँकेसारख्या वित्तसंस्था, संयुक्त राष्ट्रांच्या संघटना, श्रीमंत देशांच्या विकास संस्था आणि परकीय निधीवर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्था एकाच वेळी काम करत असतात. त्यांची कामे एकमेकांच्या आड येऊ नयेत, एका गावावर तिघांनी पैसा ओतून शेजारचे गाव कोरडे राहू नये आणि सगळ्यांचे मिळून जे उभे राहील ते त्या देशाच्या स्वतःच्या नियोजनात बसावे, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे विकास साहाय्य समन्वय. कोणी कोणत्या क्षेत्रात उतरायचे याची वाटणी त्यात येते. निधी, निविदा, हिशेब आणि पाहणी यांच्या पद्धती जुळवणेही येते. गोव्यात परकीय साहाय्याचे प्रकल्प मोजकेच झाले. तरी पाणी, मलनिस्सारण, चक्रीवादळापासून बचाव आणि कचरा या विषयांत या व्यवस्थेचे गुणदोष इथे जवळून पाहता येतात.

गरज का पडते

प्रत्येक संस्थेचे अर्ज वेगळे, निविदेच्या अटी वेगळ्या, लेखापरीक्षण वेगळे, कित्येकदा आर्थिक वर्षही वेगळे. संस्थेचे पथक पाहणीला आले की सचिवापासून कनिष्ठ अभियंत्यापर्यंत सगळे त्याच्या तयारीला लागतात आणि खात्याचे रोजचे काम मागे पडते. लहान देशात, जिथे एका मंत्रालयात जाणते अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, तिथे हा भार फार होतो. त्याहून खोल नुकसान माणसांचे होते. प्रकल्पासाठी स्वतंत्र अंमलबजावणी कक्ष उघडतो, तिथला पगार सरकारी पगारापेक्षा जास्त असतो, म्हणून खात्यातले चांगले अभियंते आणि हिशेबनीस तिकडे जातात. प्रकल्प संपला की कक्षाला टाळे लागते. तिथे मिळवलेले कसब खात्यात परत येत नाही.

जागतिक पार्श्वभूमी

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात भारताची परकीय गंगाजळी आटली, तेव्हा १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांचा ‘भारत साहाय्य संघ’ स्थापन झाला. अशा मंचांपैकी हा अगदी सुरुवातीचा. पुढे अनेक देशांसाठी तसेच मंच निघाले. पण बैठक बोलावणारे, कार्यक्रमपत्रिका ठरवणारे आणि आकडे मांडणारे पैसे देणारेच असायचे. संयुक्त राष्ट्रांनी १९७७ च्या ठरावातून प्रत्येक देशात आपल्या सर्व संघटनांसाठी एक निवासी समन्वयक नेमण्याचा मार्ग धरला. २०१८ च्या सुधारणेनंतर, १ जानेवारी २०१९ पासून, हे पद संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम (यूएनडीपी) या संघटनेपासून वेगळे होऊन थेट महासचिवांना जबाबदार झाले.

खरे वळण आफ्रिकेत आले. टांझानियाचे सरकार आणि मदत देणारे देश यांचे संबंध १९९४ च्या सुमारास पार बिघडले होते. तेव्हा जेराल्ड हेलायनर या अर्थतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र गट नेमला गेला. १९९५ च्या त्याच्या अहवालाने दोन्ही बाजूंना चुका दाखवल्या आणि कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार यजमान देशाकडे असावा असे स्पष्ट सांगितले. टांझानियाने पुढे अर्थसंकल्पाच्या हंगामात परदेशी पथकांनी येऊ नये अशी प्रथा पाडली. वरवर किरकोळ वाटणारी ही मागणी माझ्या मते कित्येक जाहीरनाम्यांपेक्षा मोलाची आहे, कारण अधिकाऱ्याचा वेळ हीसुद्धा राष्ट्रीय संपत्ती आहे असे तिने मदत देणाऱ्यांकडून मान्य करून घेतले.

रोम (२००३), पॅरिस (२००५), आक्रा (२००८) आणि बुसान (२०११) येथे झालेल्या परिषदांतून या विचाराला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पॅरिस जाहीरनाम्याने पाच तत्त्वे घातली: देशाची स्वतःची मालकी, त्याच्या यंत्रणेशी जुळवून घेणे, मदत देणाऱ्यांनी आपसांत मेळ राखणे, फलितांवर लक्ष आणि परस्परांना उत्तरदायित्व. त्याखाली २०१० साठी ठरवलेल्या १३ लक्ष्यांपैकी जागतिक पातळीवर एकच गाठले गेले, तांत्रिक साहाय्याच्या समन्वयाचे. देशाचीच निविदा पद्धत आणि हिशेब पद्धत वापरण्याची वेळ आली की बहुतेक संस्था मागे सरत.

मोझांबिकचा धडा

गोमंतकीय वाचकाला मोझांबिक परके नाही. पोर्तुगीज काळात अनेक गोमंतकीय कुटुंबे तिथे स्थायिक झाली. बार्देशात जन्मलेले आकिनु द ब्रागांसा हे स्वतंत्र मोझांबिकचे पहिले अध्यक्ष सामोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार होते. १९८६ च्या विमान अपघातात दोघांचाही अंत झाला. १९९२ मध्ये यादवी संपली तेव्हा हा देश परकीय संस्थांनी भरून गेला होता. २००४ मध्ये मदत देणाऱ्यांनी सरकारशी एकत्रित करार केला. सुट्या प्रकल्पांऐवजी पैसा थेट अर्थसंकल्पात द्यायचा आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून आढावा घ्यायचा, असे ठरले. सहभागी देश आणि संस्था १९ झाल्या, म्हणून ‘जी १९’ हे नाव पडले. समन्वयाचा आदर्श म्हणून त्याकडे बोट दाखवले जाई.

२०१६ मध्ये सरकारी हमीवर घेतलेली सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जे उजेडात आली. त्यांतला मोठा भाग संसदेपासून दडवलेला होता. मदत देणाऱ्यांनी अर्थसंकल्पाला दिलेला आधार एकदमच काढून घेतला. त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण झळ बसली ती शाळा आणि दवाखान्यांना. सगळे एका रांगेत उभे असतात तेव्हा सगळे एकदम निघूनही जाऊ शकतात, आणि आदर्श म्हणून मिरवलेल्या त्या व्यवस्थेत यावर उपाय नव्हता.

भारताची पद्धत

भारताने हा दोर दिल्लीत, आपल्या हाती ठेवला. केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग हे परकीय साहाय्याचे एकमेव दार. राज्याचे खाते प्रस्ताव करते, तो राज्याच्या वित्त खात्यातून आणि संबंधित केंद्रीय मंत्रालयातून जातो, छाननी होते आणि मग विभाग तो एखाद्या संस्थेपुढे ठेवतो. कर्जाचा करार केंद्र करते, प्रकल्पाचा करार राज्य करते. २००३ मध्ये सरकारने लहान मदत देणाऱ्या देशांना द्विपक्षीय मदत थांबवून ती स्वयंसेवी किंवा बहुराष्ट्रीय संस्थांमार्फत देण्यास सांगितले. त्यामुळे टांझानियात झाली तशी संस्थांची गर्दी भारतीय खात्यांच्या दारात होत नाही.

पैशाचा मार्ग मात्र राज्याला कस लावणारा आहे. बहुतेक खर्च राज्य आधी स्वतःच्या अर्थसंकल्पातून करते, मग देयकांचे दाखले जोडून परताव्याची मागणी केंद्राच्या साहाय्य लेखा कार्यालयाकडे पाठवते. एका देयकाला मोजमाप पुस्तकाचा उतारा जोडलेला नसेल तर तेवढी रक्कम अडते. पूर्वी सर्वसाधारण राज्यांना परकीय साहाय्य ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान या रूपात मिळे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार १ एप्रिल २००५ पासून नव्या करारांत मूळ कर्जाच्याच अटी राज्याला लागू झाल्या. व्याज कमी झाले, पण परकीय चलन महागले तर त्याचा बोजा राज्यावर आला.

गोवा

या नव्या नियमानंतर, २००७ मध्ये, गोव्याच्या सर्वांत मोठ्या परकीय साहाय्यित प्रकल्पाचा करार झाला: सुमारे २२.८ अब्ज येनचे जपानी कर्ज. करार झाला तेव्हा कर्ज देणारी संस्था जपानची आंतरराष्ट्रीय सहकार्य बँक होती. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये जपानने आपली कर्जे आणि तांत्रिक साहाय्य एका छत्राखाली आणले आणि प्रकल्प ‘जायका’कडे, म्हणजे जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडे गेला. गोव्यात तो याच नावाने ओळखला जातो. साळावली जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला १० कोटी लिटरने वाढवणे, गळती आणि हिशेबाबाहेरचे (ज्याचे बिल होत नाही असे) पाणी कमी करणे, मडगाव, म्हापसा यांसारखी शहरे आणि उत्तरेची किनारपट्टी यांसाठी मलनिस्सारणाची सोय करणे, असा त्याचा आवाका होता.

इथे मदत देणारा एकच, त्यामुळे पॅरिस जाहीरनाम्याने दूर करू पाहिलेला गोंधळ उद्भवण्याचे कारण नव्हते. अडचण खालच्या पायरीवर होती. गोव्यातल्या एखाद्या अरुंद रस्त्यावर मलनिस्सारण वाहिनी टाकायची तर चर खोदावा लागतो. त्या चरात जुनी पाण्याची वाहिनी लागते, वीज खात्याची केबल लागते, दूरध्वनीच्या तारा लागतात. चेंबरची पातळी घरांच्या उताराशी जमावी लागते, आणि नदीकाठच्या सखल भागात पाणी लगेच वर येते. पंपघरासाठी जागा हवी, ती कोमुनिदादची (गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर तिची संमती हवी, खाजन (भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली) जमीन असेल तर किनारी क्षेत्राचे नियम आड येतात. जून उजाडला की खोदकाम बंद. चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) रस्ता हॉटमिक्स, म्हणजे डांबरीकरण करून द्या, असा लोकांचा आग्रह असतो आणि तो रास्तही आहे. हॉटमिक्स झालेला रस्ता दुसऱ्या खात्याने पुन्हा फोडला की लोक परदेशी संस्थेलाही त्याच दोषात ओढतात.

त्यात मलनिस्सारणाची जबाबदारी विभागलेली होती. जायकाचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर इतर काही मलनिस्सारण योजना त्यासाठी स्थापलेल्या राज्य महामंडळाकडे. वाहिनी दारासमोरून गेली तरी घरमालकाने जोडणी घेतल्याशिवाय तिचा उपयोग नाही. म्हणून जोडणी सक्तीची करणारा कायदा २००८ मध्ये झाला, पण सेप्टिक टाकी असलेल्या घराला नवा खर्च पटवून देणे कायद्याने होत नाही. ते काम पंचायत आणि पालिकेचे, आणि प्रकल्पाच्या आखणीत त्यांना अगदी शेवटी बोलावले जाते. १९१ पंचायतींच्या या राज्यात ग्रामसभा किती जागरूक असतात हे माहीत असताना ही चूक अक्षम्य वाटते.

जागतिक बँकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या २०१५ च्या दुसऱ्या टप्प्यात गोव्याचा समावेश झाला. त्यात सोबत महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ, गुजरात आणि पश्चिम बंगाल होते. निवारे, भूमिगत वीजतारा आणि पूर्वसूचना यंत्रणा हे त्याचे मुख्य घटक. निवारा हवा तर पंचायत आणि शाळा, वीजतारा म्हणजे वीज खाते, पूर्वसूचना म्हणजे मच्छीमारांपर्यंत पोचणारा आवाज. पुन्हा तीच अनेक खात्यांची मोट.

मदत देणाऱ्यांनी आधीच एकत्र येण्याचे अलीकडचे उदाहरण ‘सिटीज २.०’ या कार्यक्रमाचे आहे. फ्रान्सची विकास संस्था, जर्मनीची केएफडब्ल्यू बँक आणि युरोपीय संघ यांनी मिळून तो उभा केला. मे २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. पहिल्या दोघांचे प्रत्येकी १० कोटी युरोचे कर्ज आणि युरोपीय संघाचे १.२ कोटी युरोचे अनुदान. निवडलेल्या शहरांत पणजी आहे आणि भर कचरा व्यवस्थापनावर आहे. शहराला तीन देणाऱ्यांशी तीनदा बोलावे लागत नाही. राष्ट्रीय नागरी व्यवहार संस्थेकडे सगळ्याचे समन्वयन आहे.

स्वयंसेवी संस्था

सरकारी दाराबाहेर परकीय निधी येतो तो विदेशी योगदान नियमन कायद्याखाली. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेने वेलकम ट्रस्टच्या साहाय्याने गोव्यात नैराश्य आणि चिंताविकारांवर केलेली ‘मानस’ चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुग्णांना मदत करायची, अशी ती होती, आणि सरकारी आरोग्यसेवेशी जुळवून घेतल्यामुळेच ती शक्य झाली.

२०२० च्या दुरुस्तीनंतर मात्र एका संस्थेला मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने निधी मिळवायचा आणि काणकोण किंवा सत्तरीतल्या लहान मंडळाने गावात काम करायचे, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. अशा मंडळाला आता परकीय निधी हवा असेल तर स्वतःची नोंदणी करावी लागते, दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडावे लागते आणि दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते.