घूं, हिस्स आणि टर्रर्र : माइक अ‍ॅम्प्लिफायरमधल्या नको त्या आवाजांची कुळकथा

माइकचा अ‍ॅम्प्लिफायर हौसेने जोडावा आणि चालू करताच बोलणाऱ्याच्या आधी सर्किटच बोलायला लागावं, हा अनुभव ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगशिवाय सर्किट जोडायच्या पाटीवर) हात टाकलेल्या कोणालाही नवा नाही. एखादं सर्किट सलग घूं करतं, एखाद्यातून पावसासारखी हिस्स येते, तर कुठे शेजारी ठेवलेल्या मोबाइलची टर्रर्र घुसते. आपण सगळ्यालाच 'नॉइज' म्हणतो आणि ट्रान्झिस्टर बदलायला घेतो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. या आवाजांची कुळं वेगळी आहेत आणि ते सर्किटमध्ये शिरलेही वेगवेगळ्या काळात.

यातलं बाहेरून येणारं घूं सगळ्यांत जुनं, माइक अ‍ॅम्प्लिफायरच्याही आधीचं. सुरुवातीच्या टेलिफोन लाइनला एकच तार असे, परतीचं काम जमिनीवर सोपवलेलं. त्यामुळे शेजारच्या तारायंत्राची टकटक आणि जमिनीतून वाहणारे भटके प्रवाह थेट कानात येत. १८८१मध्ये अमेरिकेत जॉन कार्टी यांनी बॉस्टन–प्रॉव्हिडन्स मार्गावर दोन तारांचं सर्किट वापरून पाहिलं आणि लाइन शांत झाली. त्याच वर्षी टेलिफोनवाल्या बेल यांनी पीळ दिलेल्या तारजोडीचं पेटंट घेतलं. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो. ऐकणाऱ्या टोकाला दोन तारांमधला फरकच मोजला, तर तो आपोआप वजा होतो. आजची तीन पिनांची बॅलन्स्ड माइक केबल याच हिशेबावर चालते.

कार्बन माइकला स्वतःची खरखर होती, कारण कोळशाच्या दाण्यांमधला संपर्क सतत हलत असे. पण त्यातून निघणारा सिग्नल इतका दणकट, की अ‍ॅम्प्लिफायरशिवाय भागायचं. १९१६च्या सुमारास ई. सी. वेंटे यांनी कंडेन्सर माइक केला. तो स्वच्छ होता पण क्षीण, त्यामुळे व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळीचा) अ‍ॅम्प्लिफायर त्याला अगदी चिकटूनच बसवावा लागला. माइक अ‍ॅम्प्लिफायरची गरज इथून पक्की झाली आणि हजारपट वाढवल्यावर नेमकं काय काय वाढतं, हा प्रश्नही इथूनच आला.

१९१८मध्ये जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांनी कागदावर दाखवून दिलं की व्हॉल्व्हमधला प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा असल्याने तो पत्र्यावर पडणाऱ्या छऱ्यांसारखा थोडा खडबडीत राहणारच. मग बेल लॅबमध्ये जे. बी. जॉन्सन यांनी, व्हॉल्व्हचा वाटा बाजूला काढल्यावरही, नुसत्या रेझिस्टरमधून येणारी हिस्स मोजली. पदार्थ बदलून पाहिले, अगदी मिठाचं पाणीसुद्धा; तरी आकडा रोध आणि तापमान यांवरच ठरत होता. त्याचं गणित हॅरी नायक्विस्ट यांनी मांडलं आणि १९२८मध्ये दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. दोघेही मूळचे स्वीडनचे, हा आपला एक योगायोग.

याचा आपल्या टेबलावरचा अर्थ असा. २०० ओहमचा डायनॅमिक माइक काही न करता, नुसता खोलीच्या तापमानाला असल्यामुळे, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ०.२६ मायक्रोव्होल्टची हिस्स देतो. हा दोष नाही, ही हिस्सची तळाची पातळी आहे. पण त्याच माइकपुढे कोणी इन्व्हर्टिंग ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल उलटा करून वाढवणारी आयसी) लावून इनपुटला १० किलोओहम ठेवला, तर त्या एका रेझिस्टरचीच हिस्स १.८ मायक्रोव्होल्ट होते, म्हणजे सातपट. मग ७४१ ही जुनी साधी ऑप-अ‍ॅम्प काढून कितीही महागडी आयसी घाला, हिस्स त्या रेझिस्टरच्या खाली जात नाही. रेझिस्टर थंड करण्यातही फारसं हाती लागत नाही. केल्व्हिनमधलं तापमान निम्म्यावर आणलं तरी कमाई तीन डेसिबलची. रोधच कमी ठेवावा, आणि डीसी वाहतो तिथे कार्बनऐवजी मेटल फिल्म रेझिस्टर घालावा.

घूं पुन्हा परतलं ते इलेक्ट्रेट माइकबरोबर. १९६२मध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी तो बेल लॅबमध्येच घडवला. आज दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या त्या बटणाएवढ्या माइकच्या पोटात एक एफईटी, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर, असतो. त्याला वीज ज्या रेझिस्टरमधून जाते, त्याच टोकावरून सिग्नल घ्यायचा असतो. साहजिकच सप्लायवर जे हलतं ते सरळ सिग्नलमध्ये उतरतं. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायरने तिची डीसी केल्यावर उरणारा हेलकावा, म्हणजे रिपल, १०० हर्ट्झचा. उपाय दोन रुपयांचा: सप्लायपासून आधी १ किलोओहम, तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, आणि मग नेहमीचा २.२ किलोओहम. १०० हर्ट्झचा रिपल साधारण साठाव्या भागावर येतो. इंटरनेटवरच्या निम्म्या सर्किटांत ही जोडी नसते, याचं मला अजून नवल वाटतं. स्टुडिओच्या जगाने हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला: १९६६मध्ये माइक बनवणाऱ्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ४८ व्होल्टचा फँटम सप्लाय, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, सिग्नलच्या दोन्ही तारांवर सारखाच चढवला, म्हणजे त्याचा रिपलही कार्टींच्या हिशेबाने वजा.

मोबाइलची टर्रर्र हे सगळ्यांत धाकटं भावंड. जीएसएम (२जी) फोन सेकंदाला २१७ वेळा झटके देत प्रक्षेपण करतो. पहिल्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन क्रिस्टल रेडिओसारखं ते पकडतं आणि झटक्यांचाच आवाज पुढे पाठवतं. इनपुटलाच, पाय अगदी आखूड ठेवून, १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक लावला की बराचसा जातो. केबलवरच्या जाळीची शील्ड, जी तीन पिनांच्या जोडणीत पिन १ला येते, धातूच्या डब्याला जोडायची सोडून पीसीबीच्या ग्राउंडला जोडली तर ही पीडा आतपर्यंत पोचते. ध्वनी-अभियंते नील मन्सी यांनी १९९५मध्ये या चुकीला 'पिन १'चा दोष म्हटलं.

माझ्या एका अ‍ॅम्प्लिफायरचं घूं मात्र यांतल्या कशानेच जाईना. इनपुट शॉर्ट केलं, तरी तसंच. नऊ व्होल्टची बॅटरी लावली, तरी तसंच. शेवटी रेकॉर्डिंगला जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर काढला आणि खोलीतला पंखा ऐकू यायला लागला.