तुटलेल्या गिअर-दांड्याचा पंचनामा

फेरारी 308 जीटीबी 1975 साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्यात बसलं की नजर आधी जाते ती दोन सीटांच्या मधल्या चकचकीत पट्टीकडे. पट्टीत गिअरच्या खाचा उघड्याच कापलेल्या असतात, वर चामड्याचं झाकण नाही. त्या खाचांतून एक सडपातळ, चमकता दांडा फिरतो. पहिला गिअर डावीकडे खाली, उरलेले चार ‘एच’ अक्षराच्या आकारात. गिअर पडताना धातूवर धातू टेकल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो आणि या मोटारीवर जीव असलेली माणसं त्या आवाजासाठीही वेडी असतात.

असा दांडा तुटला की मूठ हातात येते आणि खालचा तुकडा खाचेत राहतो. मालक हादरलेला असतो आणि ‘वेल्डिंग मारून चालू करून द्या’ हे त्याचं पहिलं वाक्य असतं. माझं मत ठाम आहे: वेल्डिंगचं मशीन लावण्याआधी तुटलेल्या तोंडाकडे भिंगातून बघायलाच हवं. दांडा का तुटला हे तिथे लिहिलेलं असतं आणि वेल्डिंगने सगळ्यात आधी तेच पुसलं जातं.

एकाच जबर झटक्याने तुटलेलं पोलाद वेगळं दिसतं. ते आधी वाकतं, ताणलं जातं, मग तुटतं. पण जुन्या दांड्यांत अनेकदा तसं काहीच दिसत नाही. दांडा सरळच असतो. तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळपट. त्यावर एका कडेपासून पसरत गेलेल्या कमानीसारख्या बारीक रेषा, ओहोटीचं पाणी मागे हटताना वाळूवर राहतात तशा. उरलेला भाग मात्र खरबरीत आणि ताजा. गुळगुळीत भाग म्हणजे महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षं सरकत आलेली चीर. खरबरीत भाग शेवटच्या क्षणी तुटला. तो लहान असेल, तर दांड्यावर फार मोठा भार नव्हताच. तरीही तो गेला. गुळगुळीत पट्टे पुढून आणि मागून असे दोन्ही बाजूंनी आत आलेले दिसले, तर दांडा दोन्हीकडे वाकत होता हे उघड आहे. गिअर पुढे टाकताना एकीकडे, मागे ओढताना दुसरीकडे.

याला धातूचा थकवा म्हणतात. तो माणसांना कळला तो रेल्वेमुळे आणि फार मोठी किंमत मोजून. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे प्रशियाच्या रेल्वेतला अभियंता ऑगस्ट व्होलर याने आसांचे नमुने यंत्रावर लाखो वेळा फिरवून तोडले. एका झटक्यात पोलाद जेवढा भार सहज पेलतं, त्याहून कितीतरी कमी भार पुन्हा पुन्हा दिला तर ते तुटतं, हे त्याने दाखवून दिलं. 1903 मध्ये युइंग आणि हम्फ्री या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही सुरुवात प्रत्यक्ष पाहिली: लोखंडाच्या कणांमध्ये आधी घसरल्याच्या बारीक रेषा उमटतात आणि त्यांतूनच चिरा निघतात. एका फेरीत शंभरदा गिअर बदलला, तर हजार फेऱ्यांत लाख वेळा. चाळीस-पन्नास वर्षांच्या मोटारीला हा आकडा अवघड नाही.

पण चीर नेमकी तिथेच का पडते? कारण ताण सगळीकडे सारखा नसतो. आट्यांचा तळ, पिनसाठी पाडलेलं भोक, जाडी एकदम कमी होते तो कोपरा, अशा जागी तो गोळा होतो. ताणलेल्या रुंद पट्टीत छोटं गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे किर्शने 1898 मध्ये गणिताने मांडलं होतं. शिवाय गोल दांड्यात वाकण्याचा ताण जाडीच्या घनाच्या उलट प्रमाणात वाढतो. 10 मिमीच्या दांड्यावर आटे पाडले की गाभा जेमतेम 8 मिमी उरतो. दोनच मिलिमीटर गेले, पण ताण जवळपास दुप्पट झाला आणि आट्यांच्या टोकदार तळाचा परिणाम अजून मोजलेलाच नाही.

आता हाताचा जोर. या मोटारींचं इंजिन सीटच्या मागे, गिअरबॉक्सही तिकडेच. मग दांड्याची हालचाल सळया, सांधे आणि बुश (सांध्यात बसवलेल्या, झिजणाऱ्या नळ्या) यांमधून मागे न्यावी लागते. बुश झिजले की दांडा अडतो, चालवणारा जोर वाढवतो. लॅम्बोर्गिनी काउंटॅक ही मोटार बनवताना अभियंता पाओलो स्टान्झानीने हे दुखणं मुळातच टाळलं. त्याने इंजिन-गिअरबॉक्सची जोडी उलटी फिरवली. गिअरबॉक्स पुढे, दोन सीटांच्या मध्ये आला आणि दांडा थेट त्याच्यावर बसला. त्याबदल्यात मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा शाफ्ट इंजिनाच्या तेलाच्या टाकीतून न्यावा लागला. मला हा मोटारींच्या इतिहासातला एक अत्यंत देखणा निर्णय वाटतो.

जुन्या फेरारींची आणखी एक खोड प्रसिद्ध आहे: गाडी थंड असताना दुसरा गिअर पडत नाही. गिअर जुळण्याआधी दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करायचं काम सिंक्रो रिंग घर्षणाने करते. थंड, घट्ट तेलात ते घर्षण नीट जमत नाही. जाणकार तेल गरम होईपर्यंत पहिल्यावरून सरळ तिसऱ्यात जातात. बाकीचे दांडा रेटतात. दांडा ज्यावर झुलतो त्या सांध्यापासून मूठ 20 सेमी वर आणि खालची सळई 5 सेमीवर असेल, तर हाताचे 5 किलो खाली 20 किलो होतात. आणि दांडा सर्वांत जास्त वाकतो तो सांध्यापाशीच, म्हणजे जिथे आटे किंवा भोक असण्याची शक्यता जास्त तिथेच.

म्हणून तुटलेले तुकडे जोडणं मला पटत नाही. मध्यम कार्बनच्या पोलादाला वेल्डिंग केलं की जोडाशेजारचा पट्टा तापून झपाट्याने थंड होतो, कडक आणि ठिसूळ बनतो. आधी तापवून, नंतर सावकाश थंड करून हे बरंच टाळता येतं, पण जोडाची कड ही ताण गोळा होण्याची नवी जागा ठरतेच. चांगला टर्नर मिळाला तर मिश्रपोलादाचा नवा दांडा लेथवर काढून घ्यावा. जाडी बदलते तिथे काटकोनी कोपरा न ठेवता गोलाई द्यावी. आटे कापण्याऐवजी दाबून पाडता आले तर उत्तम, कारण दाबलेल्या पृष्ठभागावर चीर सहज उघडत नाही.

क्रोम चढवताना आणखी एक धोका असतो. मुलाम्याच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जास्त ताकदीचं, कडक केलेलं पोलाद त्याने ठिसूळ होतं. ते लगेच नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी, भाराखाली अचानक तुटू शकतं. त्यासाठी मुलामा झाल्यावर लगेच तो भाग 200 अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. हे काम होणार आहे ना, असं मुलामेवाल्याला आधीच विचारून घ्यावं.

जुन्या सळया आणि सांधे परत बसवण्याआधी तपासावेत. भाग स्वच्छ करून त्यावर लाल द्रव लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तिथे आत शिरलेला लाल रंग भुकटीत ओढला जातो आणि केसाएवढी रेष उठून दिसते. ती दिसली, की तो भागही बाद. बुश या वेळी नवेच घालावेत.

मग उरते जुळवणी. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, दांडा खाचेच्या बरोबर मध्ये आणि मगच सळईचा क्लॅम्प आवळायचा. इंजिन बंद ठेवून एकेक गिअर टाकून बघायचा. गिअर पूर्ण बसल्यावर दांडा आणि खाचेची कड यांच्यात थोडी मोकळी जागा दिसली पाहिजे. दांडा आधीच कडेला टेकत असेल, तर गिअर अर्धवट पडलाय. चालत्या गाडीत तो निसटेल आणि हाताचा सगळा जोर पुन्हा त्या नव्या दांड्यावर येईल.