यंत्रापासून फाइलपर्यंत: फ्लो सायटोमेट्रीच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

फ्लो सायटोमेट्री (द्रवाच्या धारेतून एकेक जाणाऱ्या पेशींवर प्रकाश टाकून त्या मोजण्याचे व ओळखण्याचे तंत्र) शिकायची तर यंत्र जिथे आहे तिथे जाऊन राहायचे, हा शिरस्ता जवळपास अर्धशतक टिकला. गोव्यातल्या प्रतिकारशास्त्राच्या संशोधकाने रात्रीची बस धरून पुण्याचे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स किंवा खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक गाठायचे, ओळखीपाळखीने यंत्राची वेळ मागून घ्यायची आणि दोन दिवसांत जे पदरात पडेल ते वहीत उतरवून परतायचे, अशी ती रीत होती. आज ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बसून वीस रंगांच्या पॅनेलचे, म्हणजे पेशी ओळखण्यासाठी एकत्र वापरलेल्या रंगीत खुणांच्या संचाचे, विश्लेषण पडद्यावर शिकता येते. हा बदल इंटरनेटमुळे झाला असे सरसकट म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. मापन यंत्रापासून सुटे होऊन फाइलमध्ये उतरले तेव्हाच दुरून शिकवण्याची वाट मोकळी झाली, आणि ती हकिकत घरोघरी इंटरनेट येण्याच्या बरीच आधी सुरू होते.

बारीक नळीतून पेशी एकेक करून जाऊ द्यायच्या आणि प्रकाशाच्या साहाय्याने मोजायच्या, ही कल्पना १९३४ साली अँड्र्यू मोल्डावान यांनी मांडली. वॉलेस कूल्टर यांनी प्रकाशाऐवजी विजेच्या अवरोधावर पेशी मोजण्याचे तत्त्व शोधले व त्याचे पेटंट त्यांना १९५३ मध्ये मिळाले. त्याच वर्षी क्रॉसलँड-टेलर यांनी नमुन्याच्या धारेभोवती स्वच्छ द्रवाचे वेष्टण वाहते ठेवून पेशींना एका रांगेत आणण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आजच्या यंत्रातला शीथ फ्लुइड तो हाच. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील मॅक फुलवायलर यांनी थेंबांवर विद्युतभार देऊन पेशी वेगळ्या काढणारे यंत्र बनवले. थेंब भारित करून वळवण्याचे हे तंत्र स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांच्या शाईफवारणीच्या कामातून आलेले होते, म्हणजे एका अर्थी हे यंत्र इंकजेट प्रिंटरचे भावंडच होय.

प्रतिकारशास्त्राशी या यंत्राची खरी सोयरीक लिओनार्ड हर्झनबर्ग यांनी स्टॅनफर्डला जुळवली. सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या पेशी मोजून डोळे शिणल्यामुळे त्यांनी हे काम यंत्राकडे सोपवण्याचे मनावर घेतले, लॉस अलामॉसचे आराखडे मिळवले आणि १९६९ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह प्रतिदीप्तीवरून (रंगद्रव्याच्या चमकण्यावरून) पेशी निवडणारे यंत्र प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये त्यात आर्गॉन लेझर आला. त्यातून रूढ झालेले ‘फॅक्स’ (फ्लुओरेसन्स-अ‍ॅक्टिव्हेटेड सेल सॉर्टर) हे नाव आपल्याकडील प्रयोगशाळांतही इतके मुरले आहे, की ‘आज फॅक्सला बसायचं आहे’ हे वाक्य बाहेरच्या माणसाला कारकुनी कामाचे वाटावे. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिने) हवी तितकी बनवण्याची रीत दिली आणि यंत्राला हवे तसे अचूक रंगीत लेबल मिळू लागले. प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या प्रतिपिंडांना वेगळे नाव देत असल्याने माजलेला गोंधळ १९८२ च्या पॅरिस कार्यशाळेत सीडी क्रमांकांच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील रेणूंना समाईक क्रमांक देण्याच्या, पद्धतीने आवरला गेला. हे क्रमांक नसते तर एका देशातल्या शिक्षकाचे बोलणे दुसऱ्या देशातल्या विद्यार्थ्याला कळलेच नसते.

यंत्र संशोधनसंस्थेतून इस्पितळात आले ते एचआयव्हीमुळे. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्हीबाधित म्हणून म्हापशात दोन महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवण्यात आले, तो काळ निव्वळ भीतीचा होता. बाधा झाली आहे की नाही एवढेच प्रतिपिंडांची चाचणी सांगे. रोग्याची प्रतिकारशक्ती कितपत उरली आहे हे सांगणारा आकडा म्हणजे सीडी४ पेशींची संख्या, आणि ती फ्लो सायटोमीटर मोजत असे. २००४ मध्ये भारतात मोफत औषधोपचार सुरू झाले तेव्हा उपचार कधी सुरू करायचे हे बहुतांशी याच आकड्यावर ठरे. त्यामुळे तंत्रज्ञांची एक पिढी तयार झाली. मात्र तिला शिकवले जाई ते दोन-चार रंगांचे, ठरावीक साच्याचे काम. पॅनेल स्वतः रचण्याची वेळ तिच्यावर क्वचितच आली.

गोव्यात या तंत्राची दुसरी शाखा समुद्रावर फुलली. प्रोक्लोरोकॉकस हा महासागरातला अतिसूक्ष्म जीव १९८८ मध्ये फ्लो सायटोमीटरमुळेच प्रकाशात आला, आणि दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनारी पाण्यातील सूक्ष्म प्लवकांचा अभ्यास याच तंत्राने केला आहे. या दोन शाखांना जोडणारा धागा रंगाचा आहे. लाल शैवालातील फायकोएरिथ्रिन हे द्रव्य १९८२ मध्ये प्रतिपिंडांना जोडण्यासाठी वापरात आले. पीई या नावाने ते आज प्रत्येक प्रतिकारशास्त्रीय प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये असते, आणि त्याच कुळातल्या रंगद्रव्यामुळे समुद्रातला सायनेकोकॉकस हा सूक्ष्मजीव नारिंगी चमकून यंत्राला दिसतो.

पीई उपयोगी ठरले, कारण एकाच निळ्या लेझरवर ते एफआयटीसी या दुसऱ्या रंगद्रव्याच्या हिरव्या रंगाबरोबर नारिंगी प्रकाश देते. अडचणही तिथेच सुरू होते. फक्त एफआयटीसी लावलेली नळी यंत्राला जोडली तरी तिच्यातल्या पेशी पीईचा प्रकाश टिपणाऱ्या वाहिनीतही थोड्या उजळ दिसतात. समजा हिरव्याचे १००० एकक असताना नारिंगीत १५० सांडले, तर दोन्ही रंगांच्या नळीतील प्रत्येक पेशीच्या पीई मापनातून तिच्या हिरव्या प्रकाशाचे १५ टक्के वजा करावे लागतात. हेच कॉम्पेन्सेशन; दोन रंगांसाठी ते १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मांडले. जुन्या यंत्रांत ही वजाबाकी विद्युतमंडलातच होई. चालक पडद्याकडे पाहत बटण फिरवी, आणि त्याचा अंदाज चुकला तर ती चूक नोंदीत कायमची राही. असल्या कामाचे शिक्षण बटणाशेजारी उभे राहूनच घेता येणार, यात नवल ते काय?

तीन गोष्टींनी हे चित्र पालटले. १९८४ मध्ये एफसीएस हा समाईक फाइल-नमुना ठरला, त्यामुळे एका कंपनीच्या यंत्राची नोंद दुसरीकडे उघडता येऊ लागली. २००० च्या सुमारास डिजिटल विद्युतमंडले आली व वजाबाकी न केलेली मूळ मापने साठवली जाऊ लागली, म्हणजे विद्यार्थ्याने तीच फाइल दहा वेळा चुकवून अकराव्यांदा बरोबर करावी, अशी सोय झाली. माझ्या मते ऑनलाइन प्रशिक्षणाचा खरा पाया हाच. २००६ मध्ये पार्क्स, रोडरर आणि मूर यांनी मांडलेल्या, आलेखाच्या अक्षांच्या नव्या मापरचनेने वजाबाकीनंतर शून्याखाली गेलेल्या पेशीही आलेखावर नीट दाखवता येऊ लागल्या. त्यापूर्वी त्या अक्षाला चिकटून बसत आणि नवशिक्याला वेगळ्याच गटाचा भास होई.

दरम्यान रंग वाढत गेले. २००१ मध्ये ११, २००४ मध्ये १७ आणि प्रत्येक रंगाचा पूर्ण वर्णपट टिपणाऱ्या स्पेक्ट्रल यंत्रांवर २०२० मध्ये ४० रंगांपर्यंत मजल गेली. दोन-दोन मापने समोरासमोर ठेवून पाहायची झाली तर १० रंगांना ४५ आलेख पुरतात, ४० रंगांना ७८० लागतात. हाताने गेटिंग करत (आलेखावर रेषा आखून पेशींचे गट निवडत) बसणे तिथे संपते आणि टी-स्नी, फ्लोसॉम यांसारख्या गणनपद्धती लागतात. म्हणजे शिकण्याचा भार यंत्रावरून संगणकावर सरकला. २०१० पासून तपासून पाहिलेली पॅनेल स्वतंत्र लेखांतून प्रसिद्ध होऊ लागली, २०१२ मध्ये फ्लोरिपॉझिटरी या खुल्या संग्रहात मूळ फाइली ठेवण्याची सोय झाली, आणि बायोकंडक्टर या खुल्या सॉफ्टवेअर-संग्रहातील मोफत साधनांमुळे महागड्या परवान्याची सक्ती उरली नाही. आंतरराष्ट्रीय सायटोमेट्री संघटना आयसॅकने सायटो युनिव्हर्सिटी हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ उभारले. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर प्रत्यक्ष कार्यशाळा थांबल्या तेव्हा हे सारे साहित्य तयारच होते. त्यात नेमके कोरोना विषाणूला प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी मोजण्यासाठी हेच तंत्र जगभर हवे होते.

फाइलीत उतरत नाही असे बरेच काही मागे राहिले आहे. प्रतिपिंडाचे टायट्रेशन (योग्य मात्रा ठरवणे), मृत पेशी ओळखण्याचा रंग, आणि पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर लेझर स्थिरावेपर्यंत थांबण्याचा धीर पडद्यावरून हातात येत नाही. त्यामुळे व्याख्याने व विश्लेषण ऑनलाइन आणि शेवटचे दोन दिवस यंत्रापाशी, अशी मिश्र रचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते. रात्रीच्या बसचा प्रवास टळत नाही, फक्त तिची तिकिटे कमी लागतात. नळीत पेशींचा गुठळा अडकला तर वेळेच्या आलेखावर काही सेकंदांची पांढरी फट दिसते. ती फट कशी ओळखायची आणि तेवढा भाग कसा गाळायचा हे पणजीत बसलेल्याला दुरून दाखवता येते. नमुना जाळीतून गाळून न घेताच नळी यंत्राला कोणी लावली होती, हे त्या फाइलीत कुठेच लिहिलेले नसते.