झुरळाला आधी पाणी लागतं

१९५७ साली विलिस आणि लुइस या दोन संशोधकांनी झुरळं उपाशी ठेवली, तर किती दिवस तग धरतात हे मोजलं. घराघरांत आढळणाऱ्या लहान, फिकट तपकिरी जर्मन झुरळाची मादी नुसत्या पाण्यावर महिनाभराहून जास्त जगली. पण समोर कोरडं अन्न भरपूर ठेवलं आणि पाणी काढून घेतलं, तेव्हा ती दोन आठवड्यांच्या आत मेली. अन्न आणि पाणी दोन्ही नसतानाही ती साधारण तेवढेच दिवस जगते. म्हणजे पाणी नसेल तर समोरच्या अन्नाचा तिला काहीच उपयोग होत नाही.

उष्ण आणि दमट हवेत राहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. आपण घरात एक कण सांडू देत नाही, डबे घट्ट लावतो, तरी झुरळं हटत नाहीत. कारण सिंकखालचा पाइप थेंबथेंब गळत असतो.

कीटकाचं शरीर लहान असतं. शरीर जितकं लहान, तितकं त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जास्त, आणि त्या पृष्ठभागावरून पाणी सतत उडून जात असतं. ते रोखण्यासाठी कीटकांच्या कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. कोरड्या हवेत हा थरही पुरा पडत नाही. दमट हवेत मात्र शरीरातून पाणी उडण्याचा वेगच मंदावतो. त्यात कीटकांच्या शरीराचं तापमान आजूबाजूच्या हवेवर ठरत असल्याने उबेत त्यांची वाढ झपाट्याने होते. जर्मन झुरळाच्या अंड्यांच्या एका कोषात ३० ते ४० अंडी असतात आणि उबदार घरात अंड्यापासून प्रौढ झुरळ तयार व्हायला दोन-तीन महिने पुरतात. पुढचं गणित ज्याचं त्याने करावं.

म्हणून शोध पाण्याचा घ्यायचा. गळका नळ आणि सिंकखालचा पाइप तर पाहायचाच, पण फ्रिजच्या मागे खाली असलेला पाण्याचा ट्रेही पाहायचा. तिथे ओल असते, काळोख असतो आणि यंत्राची ऊबही असते. झुरळाला याहून चांगली जागा मिळणं कठीण. थंड पाण्याच्या पाइपवर जमणारे थेंब, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी, न पिळता ठेवलेलं फडकं, ही सगळी झुरळांची पाणवठ्याची ठिकाणं. झुरळं रात्री बाहेर पडतात, तेव्हा झोपण्यापूर्वी सिंक आणि ओटा कोरडा पुसून ठेवणं हा साधा उपाय मला कुठल्याही फवाऱ्याहून मोलाचा वाटतो.

काही जिवांना मात्र थेंबभर पाणीही लागत नाही. जुन्या पुस्तकात किंवा पिठाच्या डब्याच्या कडेला धुळीचा कणच चालायला लागावा, तसे फिकट, इवलेसे किडे दिसतात. त्यांना बुकलाइस म्हणतात. हे थेट हवेतली वाफ शोषून घेतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर असेल तर त्यांचं भागतं; ती ५० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली की ते सुकून मरतात. गादी-उशीतल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे माइट्सही याच रीतीने पाणी मिळवतात. बुकलाइस चावत नाहीत आणि कागदापेक्षा त्यावर धरलेल्या सूक्ष्म बुरशीवर जगतात. त्यामुळे त्यांच्यावर औषध मारणं व्यर्थ आहे. बुरशी आणि ओल राहिली की ते परत येणारच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून मागे हवा खेळू देणं, पुस्तकं खच्चून न भरणं, भिंतीची ओल मुळापासून दुरुस्त करणं, एवढं केलं की त्यांची संख्या घटते. बाहेरची हवाच ओलीचिंब असेल तेव्हा दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्याने ओल कमी होत नाही, उलट वाढते. अशा दिवसांत बंद खोलीत एसी किंवा हवेतली आर्द्रता काढणारं यंत्र काही तास चालवावं. भिंतीवर आर्द्रतामापक लावला तर अंदाजावर अवलंबून राहावं लागत नाही. कागद, खळ आणि पुस्तकांच्या बांधणीतला डिंक खाणाऱ्या कसरीलाही हाच उपाय लागू पडतो.

धान्यातले सोंडे वेगळे वागतात. मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातून महिन्याभराने सोंडे बाहेर पडतात आणि आपल्याला वाटतं, ते डब्यात बाहेरून शिरले. पण दाण्यातच पुरेसा ओलावा नसेल तर त्यांची वाढ होत नाही. धान्य चांगलं वाळवून हवाबंद ठेवण्यामागचं कारण हेच. थोडं धान्य असेल तर घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावं, म्हणजे दाण्यातली अंडी-अळ्याही मरतात. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतलं पाणी जमतं. खाण्याच्या धान्यात कीटकनाशकाची पूड मिसळण्याचा विचारही करू नये.

जमिनीतून येणाऱ्या वाळवीबद्दल थोडक्यात सांगतो. तिचं अंग मऊ असतं, उघड्या हवेत ते सुकतं, म्हणून ती मातीच्या बंद नळ्यांतून प्रवास करते. नळ्या झाडून टाकल्या तरी वारूळ जमिनीत शाबूत राहतं. इथे जाणकाराला बोलवावं आणि लाकूड ओल्या मातीला टेकू देऊ नये.

आता औषधांविषयी. घरभर धूर सोडणाऱ्या डब्यांवर लोकांचा फार विश्वास असतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी झुरळं असलेल्या घरांत हे डबे वापरून पाहिले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झुरळांची संख्या घटली नाही. घरातल्या पृष्ठभागांवर मात्र कीटकनाशकाचा थर बसला. झुरळं फटीत आणि धूर उघड्यावर, असा तो प्रकार. त्याच अभ्यासात जेलच्या आमिषाने झुरळं झपाट्याने कमी झाली. जेल खाऊन झुरळ आपल्या लपण्याच्या जागी परततं; तिथली पिल्लं त्याची विष्ठा खातात, इतर झुरळं त्याचं कलेवरही खातात, आणि विष पुढे पोचतं. जेलचे लहान लहान ठिपके फटींच्या तोंडाशी, बिजागरीजवळ, पाइप भिंतीत शिरतो तिथे लावावेत. त्यांच्या आसपास फवारा मारू नये, नाहीतर झुरळं आमिषाकडे फिरकतच नाहीत.

हा जीव किती लवकर बदलतो, हेही लक्षात ठेवायला हवं. आमिषात गोडी आणण्यासाठी ग्लुकोज घालत. काही वर्षांत अशी झुरळं आढळू लागली, जी ग्लुकोज टाळतात. २०१३ मध्ये उलगडा झाला की त्यांच्यात ग्लुकोजमुळे कडू चव ओळखणाऱ्या चेतापेशीच जाग्या होतात. म्हणून एक जेल चालेनासं झालं तर तेच जास्त लावण्याऐवजी वेगळ्या औषधाचं, वेगळ्या आमिषाचं जेल घ्यावं.

कवचावरचं मेण शोषून कीटकाला सुकवून मारणाऱ्या सिलिकायुक्त पुडीही मिळतात. कोरड्या हवेत त्या उत्तम चालतात, दमट हवेत त्यांचा प्रभाव बराच कमी होतो, आणि ओल्या झाल्या तर जवळजवळ उरतच नाही. आधी जागा कोरडी केली तरच त्यांवर भिस्त ठेवता येते.

लहान मुलं असलेल्या घरांत मला एका गोष्टीची फार काळजी वाटते. झुरळांच्या विष्ठेतली आणि कातीतली प्रथिनं धुळीत मिसळतात आणि दम्याला कारण ठरतात. १९९७ मध्ये अमेरिकी शहरांतल्या दमेकरी मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपण्याच्या खोलीत ही प्रथिनंही जास्त होती, त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण इतर मुलांच्या तिपटीहून जास्त निघालं. झुरळं मेल्यावरही ही प्रथिनं धुळीत महिनोनमहिने राहतात. तेव्हा जेलने काम केल्यानंतर कपाटांचे कप्पे, बिजागऱ्या आणि फ्रिजची मागची बाजू साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसावी, जागा पुरती कोरडी करावी आणि मुलांच्या गाद्या-चादरी गरम पाण्याने धुवाव्यात. कोरड्या झाडूने हे काम करू नये. त्याने तीच धूळ हवेत उडते.