वीस मिनिटं पुढे पळणारं ‘जनता’

गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात गोणपाटावर नळाच्या तोट्या, रेडिओचे नॉब आणि मेलेले चार्जर यांच्या ढिगात मला एचएमटी ‘जनता’ हे किल्लीचं मनगटी घड्याळ सापडलं. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) तबकडीवर देवनागरीत नाव, काच ओरखड्यांनी पांढरी झालेली, पट्ट्याचा पत्ता नाही. किल्लीचे दोन वेढे दिले आणि सेकंदकाटा मुकाट चालू लागला. साडेसहाशेला सौदा पटला.

घरी आल्यावर कळलं, की हे रोज वीस मिनिटं पुढे जातं. जुनं घड्याळ मागे पडलं तर समजू शकतो. आतलं तेल घट्ट होतं, धूळ बसते. पण माझ्याच वयाचं हे यंत्र असं पळत का सुटावं?

पाठीचं झाकण काढलं की एक चाक इकडून तिकडे झुलताना दिसतं. ते बॅलन्स व्हील. त्याच्या मधोमध केसाएवढ्या पातळ पट्टीची गोल गुंडाळलेली कमान असते, तिला हेअरस्प्रिंग म्हणतात. मुख्य कमानीत आपण किल्ली देऊन जोर भरतो, पण वेळ मोजते ती ही नाजूक कमान. चाक एका बाजूला फिरलं की ती त्याला परत ओढते. लंबकाच्या घड्याळात गुरुत्वाकर्षण जे काम करतं, तेच इथे कमान करते, म्हणून तर घड्याळ मनगटावर बांधता आलं. १६७५ साली ख्रिस्तियान हायगेन्सने अशा कमानीचं घड्याळ जाहीर केलं, आणि ‘ही कल्पना माझी’ म्हणत रॉबर्ट हूकने भांडण काढलं.

‘जनता’चं चाक तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. चाकाचा व्यास सेंटिमीटरभर धरला आणि प्रत्येक ठोक्याला ते दीड वेढा फिरतं असं मानलं, तर त्याची कड दिवसाला वीसेक किलोमीटर धावते. रोज नाशिकहून ओझर गाठण्यासारखंच! इतक्या धावपळीत दिवसाला दहा सेकंदांची चूक झाली, तर ती शेकडा ०.०१२ एवढीच. मनगटावरच्या घड्याळाला एवढी चूक मी माफ करतो. वीस मिनिटं मात्र नाही.

दहीपुलाजवळच्या बोळात एक घड्याळजी बसतात. डोळ्याला भिंग अडकवून त्यांनी आत पाहिलं, शेजारी छोटं होकायंत्र ठेवलं आणि ते माझ्याकडे सरकवलं. सुई चाकाच्या झोक्याबरोबर थरथरत होती.

“मोबाईलला खेटून ठेवता का हो?”

“नाही काका, कालच तर घेतलं.”

“मग आधीच्याने ठेवलं असणार. लोहचुंबक लागलंय याला.”

कमान ज्या मिश्रधातूची असते तो चुंबकत्व पकडतो. मग शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि कमानीचा तेवढा भाग कामातून जातो. उरलेली कमान आखूड, म्हणून अधिक ताठ. ती चाकाला लवकर परत ओढते आणि घड्याळ पळतं. हिशेब केला तर काम करणारी लांबी जेमतेम पावणेतीन टक्के घटली, तरी दिवसाला वीस मिनिटांचा फरक पडतो. काकांनी घड्याळ एका विजेच्या वेटोळ्यात धरलं, बटण दाबून हळूहळू बाहेर ओढलं आणि हातात दिलं. दहा सेकंदांचं काम. पैसे घ्यायलाही तयार नव्हते.

नाशिकच्या हवेचा विचार केला, की या कमानीबद्दल आदर आणखी वाढतो. पूर्वी ती साध्या पोलादाची असे. उष्णतेने पोलादाचा ताठरपणा कमी होतो आणि दर अंश सेल्सियसला दिवसाकाठी सुमारे ११ सेकंद मागे पडतात. आपल्याकडे थंडीतली पहाट १० अंशांची, तर एप्रिल-मेची दुपार ४० अंशांची. या ३० अंशांच्या फरकाने घड्याळाच्या दिवसाच्या चालीत साडेपाच मिनिटांचं अंतर पडलं असतं. यावर तोड म्हणून घड्याळजी दोन धातूंची चाकं बनवत. मग शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू शोधले, की ज्यांच्यावर तापमानाचा परिणाम नगण्य. त्याबद्दल त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच घराण्यातल्या मिश्रधातूंच्या कमानी पुढे साध्यासुध्या घड्याळांतही आल्या.

तबकडीवरचे ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे १७ माणकं. खरी, पण कारखान्यात वितळवून बनवलेली, त्यामुळे सराफाकडे नेऊ नका. चाकांचे टोकदार आस त्यांच्या भोकांत फिरतात. माणिक कठीण आणि गुळगुळीत, म्हणून झीज कमी.

एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. घड्याळांचा हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि जुन्या मालाला एकाएकी भाव आला. सोबत लबाडीही आली. भडक रंगात नव्याने रंगवलेल्या तबकड्या, एका घड्याळाची मशीन दुसऱ्याच्या कवचात. मला विचाराल तर डाग पडलेली, पिवळी झालेली मूळ तबकडीच घ्यावी.

माझं ‘जनता’ आता दिवसा हातावर सात-आठ सेकंद पुढे जातं. रात्री आडवं ठेवलं की आणखी पुढे. उभं, किल्लीची बाजू खाली करून ठेवलं की तेवढंच मागे येतं. आडव्या घड्याळात आसाचं फक्त टोक माणकावर टेकतं, उभ्यात त्याची कूस घासते, चाकाचा झोका आखडतो आणि चाल बदलते. प्रत्येक घड्याळाची खोड वेगळी, ती वहीत टिपून ओळखावी लागते. म्हणून आमच्या कपाटावर रोज रात्री एक घड्याळ भिंतीला टेकून उभं असतं, आणि मोबाईल पलीकडच्या खोलीत.